‘संन्यस्त खड्ग’ : शाक्यकथा, रत्नागिरी आणि राजकीय रूपकाचे वाचन

१. प्रश्नाची मांडणी

राजकीय रूपक असलेली साहित्यकृती वर्गात शिकवली जाते तेव्हा बहुधा फळ्यावर एक तक्ता तयार होतो. डावीकडे पात्रांची नावे आणि उजवीकडे ती ज्यांच्याबद्दल आली आहेत असे मानले जाते त्या ऐतिहासिक व्यक्तींची नावे. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे पराधीन भारत. ऑर्वेलच्या ‘अॅनिमल फार्म’मधील नेपोलियन म्हणजे स्टालिन आणि स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. हा तक्ता चुकीचा असतो असे नाही. लेखकाला व त्याच्या समकालीन वाचकाला ही समीकरणे बऱ्याच अंशी अभिप्रेतच असतात. तथापि समीकरणे मांडून झाली की कृतीचे वाचन संपले, असे समजण्याची जी सवय लागते ती रूपकाच्या अभ्यासाला मारक ठरते. कृतीतील कथा ही केवळ एक पेटी आहे आणि किल्ली फिरवून आतला राजकीय अर्थ काढून घेतला की पेटीचे काम उरत नाही, असा हा समज आहे.

या समजाची मर्यादा वि. दा. सावरकर यांच्या ‘संगीत संन्यस्त खड्ग’ या नाटकाच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे लेखन रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळातील आहे. बौद्ध परंपरेतील शाक्यांच्या विनाशाची कथा त्यात समकालीन अहिंसावादाच्या संदर्भात मांडलेली आहे. हीच शाक्यकथा पुढील पंचवीस वर्षांत मराठी भाषिक विचारवंतांनी आणखी दोन वेळा, सर्वस्वी वेगळ्या हेतूने हाताळली. या तिन्ही मांडण्या शेजारी ठेवल्या असता, रूपकाचा अर्थ समीकरणांत नसून मूळ कथेतील काय घेतले, काय मागे ठेवले आणि कथेने कोठे विरोध केला यांत असतो, हे स्पष्ट होते.

२. पूर्वपीठिका : रूपकाची देशी परंपरा आणि ‘कीचकवध’

एका गोष्टीआडून दुसरी गोष्ट सांगण्याची रीत मराठीला नवी नाही. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक, मोह इत्यादी मनोवृत्तीच पात्रे होऊन येतात. एकनाथांच्या भारुडांत गावगाड्यातील व्यक्ती आणि व्यवहार आध्यात्मिक अर्थाचे वाहक होतात. या परंपरेत रूपकाचा रोख परमार्थाकडे असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा रोख राज्यव्यवहाराकडे वळला. या वळणामागे साहित्यिक कारणांइतकेच कायद्याचे कारणही होते. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने राजद्रोहाची भावना उत्पन्न करणाऱ्या प्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. जे उघड बोलता येत नव्हते ते पुराणकथेच्या मुखाने बोलण्याची निकड त्यातून निर्माण झाली.

कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे या प्रवृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. लॉर्ड कर्झन यांची कारकीर्द १९०५ मध्ये संपली, त्याच वर्षी वंगभंगही झाला. या पार्श्वभूमीवर विराटाच्या दरबारातील उन्मत्त अधिकारी, त्याच्यापुढे हतबल झालेला राजा, अपमानित सैरंध्री, संयमाचा उपदेश करणारा कंकभट्ट आणि प्रतिकारास उद्युक्त झालेला बल्लव ही पात्रे प्रेक्षकांना तत्काळ ओळखू आली. मवाळ आणि जहाल यांच्यातील तत्कालीन वाद त्यांना युधिष्ठिर व भीम यांच्या संवादात ऐकू आला. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मधील आपल्या पुस्तकात या नाटकाची विशेष दखल घेतली. त्याच वर्षी नाटकावर बंदी आली आणि ती १९२६ मध्ये उठली.

‘कीचकवधा’च्या रूपकाचे सामर्थ्य कशात आहे? महाभारतातील कथा खाडिलकरांना मुळातून वाकवावी लागली नाही, हे त्याचे उत्तर होय. कीचक हा राजा नाही. दुर्बळ राजाच्या नावावर सत्ता गाजवणारा तो सेनापती आहे. दूरस्थ ब्रिटिश पार्लमेंट आणि येथे मनमानी करणारा व्हाइसरॉय यांचे नाते त्या कथेत आधीपासूनच बसत होते. पांडवांचा अज्ञातवास म्हणजे आपले खरे स्वरूप लपवून परक्याची चाकरी करणे. ही अवस्थाही पराधीन समाजाच्या अनुभवाशी जुळणारी होती. शिवाय कथेचा शेवट प्रत्येकाला ठाऊक होता. नाटकाने काही प्रतिपादन केले नाही तरी प्रेक्षक तो शेवट बरोबर घेऊनच येत असे. म्हणूनच बंदी घालताना सरकारला आक्षेप नेमका कोणत्या वाक्यावर घ्यावा, हा प्रश्न अवघड होता. अर्थ वाक्यांत नव्हता, तो परंपरेने चालत आलेल्या कथेत होता.

‘संन्यस्त खड्गा’चे रूपक या जातीचे नाही. हा फरक ध्यानात येण्यासाठी ज्या स्थळी व ज्या परिस्थितीत ते रचले गेले ती परिस्थिती पाहणे अगत्याचे आहे.

३. रत्नागिरी : स्थानबद्धतेचे गाव

समुद्र एका बाजूस, सह्याद्रीचे घाट दुसऱ्या बाजूस आणि रेल्वेचा अभाव अशा भूगोलामुळे रत्नागिरी हे ब्रिटिश सरकारला राजकीय व्यक्तींना दूर ठेवण्यासाठी सोयीचे ठिकाण वाटले. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला १८८६ पासून येथे ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ च्या शिक्षेनंतर थिबाच्याच मंडालेस पाठवण्यात आले होते. साम्राज्यसत्ता माणसांची अशी अदलाबदल करीत असे. अंदमानातून परत आणल्यावर सावरकरही काही काळ रत्नागिरीच्या कारागृहात होते. जानेवारी १९२४ मध्ये येरवडा येथून त्यांची मुक्तता झाली ती दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द सरकारी परवानगीवाचून सोडायची नाही आणि राजकारणात उघड वा खाजगी रीतीने भाग घ्यायचा नाही. पाच वर्षांची ही मुदत वेळोवेळी वाढत जाऊन मे १९३७ मध्ये संपुष्टात आली.

या तेरा वर्षांत सावरकरांच्या कार्याचे दोन प्रवाह दिसतात. पहिला सामाजिक सुधारणेचा. अस्पृश्यतानिवारण, सहभोजने आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये भागोजी कीर यांच्या साहाय्याने उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर यांचा त्यात समावेश होतो. दुसरा प्रवाह लेखनाचा. ‘उःशाप’ (१९२७), ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) आणि ‘उत्तरक्रिया’ (१९३३) ही तिन्ही नाटके याच काळातील आहेत. राजकारणावर बोलण्यास मज्जाव असलेल्या लेखकाला इतिहासाच्या आणि आख्यायिकेच्या आडोशाने बोलणे भाग पडावे, हे स्वाभाविक होते. मात्र या नाटकातील वाद प्रत्यक्ष राज्यकर्त्यांशी नाही, तो देशातील एका प्रभावी विचाराशी आहे. मार्च १९२७ मध्ये महात्मा गांधी रत्नागिरीस आले असता त्यांची व सावरकरांची भेट झाली होती. दोघांतील मतभेद त्यापूर्वीपासूनचे होते आणि पुढेही राहिले.

नाटक रंगभूमीवर आले तो काळही लक्षणीय आहे. १९३० च्या मे महिन्यात शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशी देण्यात आले. २२ जुलै रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. ऑगस्टअखेर गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस निघाले. सप्टेंबरमध्ये दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणले. शस्त्र की सत्याग्रह हा प्रश्न त्या वर्षीच्या प्रेक्षकाच्या मनात किती तीव्र असेल, याची कल्पना या घटनाक्रमावरून येते.

४. नाटकातील प्रतीकयोजना

नाटकाचे कथासूत्र थोडक्यात असे आहे. बुद्धपदाला पोचलेले गौतम कपिलवस्तूस येतात. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह आणि बुद्ध यांच्यात हिंसा-अहिंसेविषयी वाद होतो. अखेरीस विक्रमसिंह खड्ग खाली ठेवून संन्यास घेतो. कालांतराने कोसलांचे आक्रमण होते. विक्रमसिंहाचा पुत्र वल्लभ आणि वल्लभाची पत्नी सुलोचना यांचे दांपत्यजीवन या युद्धाच्या भोवऱ्यात सापडते. स्वराष्ट्रावरील संकट पाहून वृद्ध विक्रमसिंह संन्यस्त केलेले खड्ग पुन्हा हाती घेतो आणि बुद्धाशी झालेला जुना वाद नव्या अनुभवाच्या आधारे पुन्हा मांडतो.

नाटकाच्या नावातच त्याचे मध्यवर्ती प्रतीक आहे. संन्यास माणूस घेतो, येथे खड्ग संन्यस्त झाले आहे. शस्त्रालाच विरक्ती देणे, हा व्यक्तीच्या आध्यात्मिक अधिकाराचा विषय असू शकतो. परंतु सेनापतीचे खड्ग हे त्याचे एकट्याचे नसते, ते समाजाने त्याच्याकडे सोपवलेली ठेव असते. व्यक्तिगत मोक्षाचा निर्णय समाजाच्या संरक्षणाचा निर्णय होऊन बसतो, हा नाटकाने उभा केलेला मूळ पेच आहे. विक्रमसिंहाची बाजू अहिंसेच्या विरोधात नाही, ती निरपवाद अहिंसेच्या विरोधात आहे. अन्यायाच्या निवारणासाठी उचललेले शस्त्र आणि अन्यायासाठी उचललेले शस्त्र यांना एकाच मापाने मोजू नये, असे तिचे सार सांगता येईल. बुद्धाच्या करुणेचा अधिक्षेप करण्याची भूमिका नाटक घेत नाही. दोन मोठ्या निष्ठा समोरासमोर आणणे, अशी त्याची रचना आहे.

येथे ‘कीचकवधा’शी असलेला भेद स्पष्ट होतो. खाडिलकरांच्या नाटकात रूपक घटनेत आहे, सावरकरांच्या नाटकात ते वादात आहे. तेथे प्रेक्षक न बोललेला अर्थ पुरा करतो, येथे पात्रे स्वतःच अर्थ बोलून दाखवतात. त्यामुळे ‘संन्यस्त खड्गा’तील प्रतीके अधिक स्पष्ट, पण तितकीच अधिक बंदिस्त होतात. मात्र एक दुहेरीपणा त्यांतही उरतो. बुद्ध-विक्रमसिंह संवादाचा रोख स्वकीयांतील अहिंसावादाकडे असला, तरी कोसलांच्या आक्रमणाचे चित्र पराधीन देशात रंगत असताना आक्रमक कोण, या प्रश्नाचे एक उत्तर प्रेक्षागृहाबाहेर उपलब्ध होतेच. खड्गाची ही दुसरी धार न बोलता राहते, आणि म्हणूनच अधिक परिणामकारक ठरते.

५. मूळ शाक्यकथा : तीन धागे

शाक्यांच्या विनाशाची कथा पाली अट्ठकथांत, विशेषतः धम्मपदाच्या अट्ठकथेत व भद्दसाल जातकाच्या निदानकथेत येते. तिच्यात तीन धागे एकमेकांत गुंफलेले आहेत.

पहिला धागा कुलाभिमानाचा. कोसलराज पसेनदि शाक्यकुलातील वधूची मागणी करतो. त्याला नकार देण्याचे सामर्थ्य शाक्यांत नसते आणि आपली मुलगी देणे त्यांच्या अभिमानास रुचत नाही. म्हणून महानाम शाक्याची दासीपोटी झालेली कन्या वासभखत्तिया हिला क्षत्रियकन्या म्हणून पाठवले जाते. तिचा पुत्र विडूडभ आजोळी येऊन जातो, तेव्हा तो बसला होता ते आसन दुधापाण्याने धुतले जाते. विसरलेले शस्त्र नेण्यासाठी परतलेल्या सैनिकाच्या कानी ही गोष्ट पडते. ते आसन मी शाक्यांच्या रक्ताने धुईन, अशी प्रतिज्ञा विडूडभ करतो.

दुसरा धागा बुद्धाच्या मध्यस्थीचा. विडूडभ सैन्य घेऊन निघतो तेव्हा बुद्ध सीमेवर शाक्यांच्या बाजूच्या एका विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसतात. दाट सावली सोडून येथे का बसलात, असे विचारल्यावर आप्तांची सावली शीतल असते, या आशयाचे उत्तर ते देतात. विडूडभ मागे फिरतो. असे तीन वेळा घडते. चौथ्या वेळी शाक्यांचे पूर्वकर्म अटळ आहे असे जाणून बुद्ध जात नाहीत.

तिसरा धागा शाक्यांच्या शस्त्रप्रयोगाचा. बुद्धाचे आप्त या नात्याने ते शत्रूचा प्राण घेत नाहीत. बाण सोडतात, पण ते कोणाला लागणार नाहीत अशा बेताने. परिणामी त्यांचा संहार होतो. पुढे विडूडभाचे सैन्यही अचिरवती नदीच्या पुरात वाहून जाते.

‘संन्यस्त खड्गा’चा वैचारिक भर यांपैकी तिसऱ्या धाग्यावर आहे. नाटककाराने तो कल्पनेतून निर्माण केला असे म्हणता येणार नाही, कारण परंपरेत त्याला आधार आहे. परंतु परंपरा विनाशाचे एकच कारण सांगत नाही. शाक्य मारले गेले ते त्यांनी शत्रूला मारले नाही म्हणून. पण त्यांच्यावर चाल झाली ती त्यांनी दासीपुत्राचे आसन धुतले म्हणून. जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचा गर्व हे मूळ कथेतील युद्धाचे बीज आहे. विशेष हे की, ज्या रत्नागिरीत हे नाटक लिहिले गेले त्याच रत्नागिरीत त्याच काळात सावरकर स्पर्शबंदी व रोटीबंदी यांच्याविरुद्ध चळवळ चालवीत होते आणि ‘उःशापा’त त्यांनी अस्पृश्यतेचा प्रश्न रंगभूमीवर आणला होता. आसन धुण्याच्या घटनेत सामाजिक रूपकाची असाधारण शक्यता होती. ‘संन्यस्त खड्गा’चा केंद्रबिंदू तिने घेतला नाही. सामाजिक प्रश्न एका नाटकात आणि राजकीय प्रश्न दुसऱ्या नाटकात अशी विभागणी झाली. शाक्यकथेत मात्र हे दोन्ही प्रश्न एकच होते.

६. समीकरणाला कथेचा विरोध

बुद्ध म्हणजे गांधी आणि विक्रमसिंह म्हणजे सशस्त्र प्रतिकाराचा पक्ष, हे समीकरण सर्वसाधारणपणे मांडले जाते. ते तपासले असता दोन ठिकाणी अडते.

एक, शस्त्रसंन्यास आणि सत्याग्रह या भिन्न गोष्टी आहेत. विक्रमसिंह खड्ग ठेवतो तेव्हा तो रणभूमी सोडतो. सत्याग्रही रणभूमी सोडत नाही, तो शस्त्रावाचून तेथे उभा राहतो. शिरोड्याच्या मिठागरात उतरलेल्या सत्याग्रहींनी लाठीमार सोसला, कारावास पत्करला. त्यांच्या मार्गाच्या परिणामकारकतेविषयी मतभेद असू शकतात, परंतु तो निवृत्तिमार्ग होता असे म्हणणे कठीण आहे. भिक्षूच्या प्रतिमेत सत्याग्रही बसत नाही, आणि म्हणून निवृत्तीविरुद्ध नाटकाने केलेला प्रभावी युक्तिवाद सत्याग्रहाला पूर्णांशाने लागू पडत नाही. या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात आहे. भिक्षुदीक्षेचा अनुभव घेतलेला, पाली वाङ्मयाचा हा मान्यवर अभ्यासक १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सामील झाला आणि कारागृहात गेला. बुद्धविचार आणि राजकीय कृती यांचा संयोग नाटकाच्या समीकरणाबाहेर, पण नाटकाच्याच काळात आणि परिसरात घडत होता.

दोन, परंपरेतील बुद्ध युद्धाकडे पाठ फिरवत नाहीत. ते तीन वेळा सैन्याच्या वाटेवर जाऊन बसतात. विरळ सावलीचे ते झाड हे स्वतःच एक राजकीय प्रतीक आहे. शस्त्र न उचलता आक्रमकाला थांबवण्याचा तो प्रयत्न आहे आणि तीनदा तो यशस्वीही होतो. चौथ्यांदा तो होत नाही. परंपरा हे यश आणि हे अपयश दोन्ही सांगते. निरपवाद अहिंसेच्या बाजूने वा विरुद्ध, असा कोणताही सरळ निष्कर्ष तिच्यातून निघत नाही.

या दोन अडथळ्यांमुळे नाटकाचे मूल्य उणे होते असे नाही. उलट समीकरण बाजूला ठेवले की नाटकाचा खरा प्रश्न अधिक उठून दिसतो. इतरांच्या रक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला स्वतःच्या चित्तशुद्धीसाठी ती जबाबदारी सोडण्याचा अधिकार आहे काय, हा तो प्रश्न. गांधींचे नाव वगळले तरी तो उभा राहतो, आणि कोणत्याही काळच्या वाचकाला तो अस्वस्थ करू शकतो.

७. शाक्यसंघाची दुसरी सभा

शाक्यकथेची पुढील महत्त्वाची मांडणी धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आढळते. त्याचा पहिला भाग १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्ध, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले, ही प्रचलित आख्यायिका कोसंबींनी चिकित्सेच्या कसोटीवर घासली. ‘सुत्तनिपाता’तील अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचा संबंध शाक्य व कोलिय यांच्यातील शस्त्रकलहाशी जोडला. वैराग्याच्या कथेच्या जागी संघर्षाची कथा आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हे सूत्र अधिक नाट्यपूर्ण रूप घेते. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात आहे. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो. शाक्यसंघाची सभा भरते. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ त्याला विरोध करतो आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी नेमून चौकशी करावी असे सुचवतो. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. सैन्यात सामील होण्यास तो नकार देतो. आपल्या नकाराची शिक्षा कुटुंबाला भोगावी लागू नये म्हणून तो परिव्रज्या पत्करतो.

१९३१ आणि १९५७ या दोन मांडण्यांत एक विलक्षण सममिती आहे. दोन्हींत शाक्यांचा सेनापती आणि गौतम समोरासमोर येतात. ‘संन्यस्त खड्गा’त सेनापतीला गौतमाचे म्हणणे पटते आणि तो खड्ग सोडतो. आंबेडकरांच्या ग्रंथात गौतमाला सेनापतीचे म्हणणे पटत नाही आणि तो घर सोडतो. पहिल्या कथेत संन्यास हे कर्तव्याचे विस्मरण आहे, दुसऱ्या कथेत तोच कर्तव्याचा स्वीकार आहे. परस्परप्रभावाचा प्रश्न येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. लक्षणीय ते हे की, एकाच कथावस्तूतून परस्परविरुद्ध राजकीय अर्थ उभे राहतात आणि दोन्हींना परंपरेत काही ना काही आधार सापडतो.

आणखी एक सूक्ष्म बाब नोंदवावी लागेल. आंबेडकरांनीही बुद्धाची अहिंसा निरपवाद नियम मानलेली नाही. तत्त्व आणि नियम यांत ते भेद करतात, तसेच मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांतही. निरपवाद अहिंसेवरील आक्षेपाच्या बाबतीत विक्रमसिंहाची भूमिका आणि ही भूमिका यांत काही अंतरापर्यंत साम्य आहे. भेद असा की, सावरकरांचा सेनापती हा भेद बुद्धाविरुद्ध मांडतो, तर आंबेडकरांच्या मते तो बुद्धाचाच आहे. समीकरणांच्या तक्त्यात हे दोन ग्रंथ विरुद्ध रकान्यांत जातात. कथेच्या पातळीवर वाचल्यास ते एकाच वादाचे दोन टप्पे दिसतात.

८. संगीत, काळ आणि रूपकाचे भवितव्य

‘संन्यस्त खड्ग’ हे संगीत नाटक आहे, ही गोष्ट केवळ वैचारिक चर्चेत दुर्लक्षिली जाते. वझेबुवांनी बांधलेल्या चाली आणि दीनानाथांचे गायन यांमुळे त्यातील काही पदे नाटकापासून स्वतंत्र होऊन मैफलीत स्थिरावली. ती पदे मुख्यतः प्रीती व विरह यांची आहेत. खड्गाचा पक्ष मांडणारे नाटक रसिकांच्या स्मरणात कोमल पदांच्या द्वारा टिकून राहिले, हा योगायोग म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. वादात अर्थ पूर्णपणे बोलून टाकलेला असतो. त्यामुळे वादाचा प्रसंग ओसरला की तो कालबाह्य होण्याची शक्यता असते. पदात अर्थ पूर्ण बोललेला नसतो.

स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्यात राजकीय व सामाजिक रूपकाचे केंद्र कादंबरीकडेही सरकलेले दिसते. ज्यांच्या नावाशी मराठी रूपककथा जोडली गेली ते वि. स. खांडेकर शिरोड्यालाच अनेक वर्षे शिक्षक होते. त्यांच्या ‘ययाति’ (१९५९) मध्ये पौराणिक भोगकथा समकालीन सुखलोलुपतेचे रूप घेते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष मानवी राजकारणाची आठवण करून देतो. परंतु कोणता वानर म्हणजे कोणता पुढारी असा प्रश्न विचारला तर ती कादंबरी हातातून निसटते. वानरांचे जीवन तेथे वानरांचे म्हणूनच सत्य आहे, आणि त्यामुळेच ते माणसांविषयी काही सांगू शकते.

१९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात बुद्धाच्या प्रतिमेचा अर्थच बदलला. १९३१ च्या प्रेक्षकाला बुद्ध प्रामुख्याने अहिंसेचा प्रवक्ता म्हणून परिचित होता. आजच्या वाचकाला तो समतेचा आणि जातिविरोधी विचाराचा प्रवर्तक म्हणूनही परिचित आहे. त्यामुळे ‘संन्यस्त खड्ग’ वाचताना आजच्या विद्यार्थ्याला धुतलेल्या आसनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाटकाचा केंद्रबिंदू नसलेली गोष्ट वाचनाच्या केंद्रस्थानी येते. अशा वेळी नाटककाराला अभिप्रेत नसलेला अर्थ म्हणून तो बाजूला सारणे योग्य नाही, आणि नाटककाराचा दोष म्हणून त्याचे भांडवल करणेही योग्य नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, ‘कीचकवध’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ ही दोन्ही राजकीय रूपके असली तरी त्यांची जात भिन्न आहे. एकात परंपरागत कथा जशीच्या तशी समकालीन होते, दुसऱ्यात परंपरागत कथेचा एक धागा निवडून त्याभोवती वाद उभारला जातो. दुसरी, रत्नागिरीतील स्थानबद्धता ही ‘संन्यस्त खड्गा’ची केवळ बाह्य पार्श्वभूमी नाही. उघड राजकारण निषिद्ध असलेल्या लेखकाला वादासाठी लागणारे अंतर शाक्यकथेने दिले. तिसरी, अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ही की रूपककृतीच्या विद्यार्थ्याने ‘हे पात्र म्हणजे कोण’ या प्रश्नावर न थांबता ‘मूळ कथेतील कोणता धागा येथे पुढे आला आणि कोणता मागे राहिला’ असा दुसरा प्रश्न विचारला पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखकाचा पक्ष सांगते आणि वाचकाला त्या पक्षाच्या बाजूने वा विरुद्ध उभे करते. सावरकर, गांधी आणि आंबेडकर या तीन नावांभोवती निष्ठा जितक्या तीव्र आहेत तितका हा धोका मोठा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ग्रंथ उघडल्यावाचून मिळत नाही. त्यासाठी नाटक, अट्ठकथा, कोसंबींचा चरित्रग्रंथ आणि आंबेडकरांचा धम्मग्रंथ हे चारही एकत्र वाचावे लागतात. पदव्युत्तर वर्गात हे नाटक लावायचे असेल तर ते याच सहवाचनाच्या रीतीने लावणे श्रेयस्कर होय. फळ्यावरील दोन रकान्यांच्या तक्त्यात तेव्हा तिसरा रकाना काढावा लागेल, आणि त्या रकान्यात मूळ कथेला आपली साक्ष देऊ द्यावी लागेल.